एक तास बारा मिनिटांवरचं ‘मले’

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीला लिफ्ट मागते... आणि या बायांना फिरायला नेमकी अमावस्याच सापडते! मी शाळेत विज्ञान शिकवते. दाराला लिंबू-मिरची बांधली म्हणून नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरलेली बाई आहे मी. त्यामुळे हे माझ्याच हातून लिहिलं जातंय, याचाच मला राग येतोय.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार. धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे. दुपारची जेवणं उरकली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं. हेमंतने – माझ्या नवऱ्याने – टीव्हीवर यूट्यूब लावलं आणि आपल्याच भागातल्या पोरांनी काढलेला एक हॉरर थ्रिलर सुरू केला. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? काय तो पिक्चर! भुताच्या तोंडाला मैदा फासलेला, रक्त म्हणून सरबत, आणि प्रत्येक भीतीदायक प्रसंगात मागे कुणाची तरी पाण्याची मोटर धडधडतेय. तेही चाललं असतं. पैसे नसतील बिचाऱ्यांकडे. पण गोष्ट! हिरो एका शिरपूरच्या पोरीमागे लागतो, ती नको म्हणते, हा कॉलेजपर्यंत जातो, घरापर्यंत जातो, शेवटी तिला उचलून नेऊन पत्र्याच्या खोलीत कोंडतो – आणि वर बासरी वाजते. म्हणजे हे प्रेम!

खाली प्रतिक्रिया वाचल्या तर बहुतेकांनी धू धू धुतलं होतं. ‘दोन तास परत द्या’, ‘भूत राहू द्या, आधी ॲक्टिंगला जिवंत करा’. पण मध्येच एखादा शहाणा – ‘खान्देशनी शान! पिरेम करानं ते आस्सं करानं!’ अशा पोरांना ना, चपलेने मारलं पाहिजे. मी तिथेच तसं लिहिलंसुद्धा.

तर साधारण सव्वादोनला पत्र्याच्या खोलीचा प्रसंग आला. दार बाहेरून दिसतं, मग आत कोपऱ्यात पोरगी. आणि मला स्वच्छ ऐकू आलं – “ताई, मले पानी दे ना वं.”

मी उसळलेच. आता हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. आम्ही ‘मले’ म्हणतो. इकडे धुळे-शिरपूरला अहिराणी, इथे ‘माले’. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, “उनी आमनी केळीवाली!” – आली आमची केळीवाली – म्हणून चिडवतात. तेव्हा ही चूक मला कळणार नाही तर कुणाला? लगेच मोबाईल घेतला आणि लिहिलं – ‘अहो दिग्दर्शक, हिरोईन शिरपूरची ना? मग एक तास बारा मिनिटांवर ती “मले पानी दे” कशी म्हणते? भाषा येत नसेल तर मूकपट काढा.’

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. “कोन पानी मांगी ऱ्हायनं व्हतं?”

“कुणी नाही, टीव्हीतली पोरगी,” मी म्हटलं. हेमंत म्हणाला, “कोण पोरगी? कुणी काही बोललं नाही.” मी म्हटलं, तू डुलक्या घेत होतास. विषय संपला.

अर्ध्या तासात माझ्या कमेंटखाली जत्रा भरली. ‘ताई, तेव्हा हिरोईनच्या तोंडाला पट्टी आहे. ती काय नाकाने बोलते का?’ ‘बाईंना उन्हाचा झटका बसलाय.’ ‘मास्तरीण दिसते, चुका काढल्याशिवाय जेवण पचत नाही.’ माझं डोकं फिरलं. या टवाळांना तोंडावर पाडायचंच म्हणून मी पिक्चर मागे नेला. एक तास बारा मिनिटं. पोरगी कोपऱ्यात, तोंडावर रुंद चिकटपट्टी, डोळे मोठे. मागे मोटर. शब्द एकही नाही. पुन्हा लावलं. आवाज वाढवून लावलं. नाही म्हणजे नाही.

“आता पटलं?” हेमंत म्हणाला. अक्का मात्र चिडल्या, “मना कान काय फुटेल शेतस का? पोरगीना आवाज व्हता!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी त्या ‘मले’वर इतकी तुटून पडले की आवाज कुणाचा, हे मनात आलंच नाही. तो अर्चनाचा होता. माझ्या धाकट्या बहिणीचा.

अर्चना शिरपूरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, एका लॅबमध्ये नोकरी करायची. तिच्या मागेही एक होता. कॉलेजातला. रोज मेसेज, लॅबबाहेर उभं राहणं. दोन महिन्यांपूर्वी तिने मला त्याने पाठवलेला फोटो दाखवला होता – धुळे-शिरपूर रस्त्यावर नरडाण्याजवळच्या स्वतःच्या शेतात बांधलेली निळ्या पत्र्याची खोली, खाली लिहिलेलं, ‘आपल्या दोघांसाठी’. आणि मी, चपलेने मारायची भाषा करणारी, काय म्हणाले? “ब्लॉक कर अन् गप बस. घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील.” वर हसलेसुद्धा, की रंग तरी बरा निवडलाय.

तिला फोन लावला. बंद. मैत्रिणीला लावला. ती म्हणाली, “ती तर सकाळी नऊलाच तुमच्याकडे निघाली, ताई. पोहोचली नाही का?”

ती येणार हे मला माहीतही नव्हतं; हेमंतला घेऊन तशीच निघाले. पोलीस ठाण्यात गेलो तर सांगायचं काय? पिक्चरमध्ये बहीण बोलली? मी सरळ खोटं बोलले – तिचा फोन आला होता, पाणी मागत होती, मग कट झाला. खोलीचं सांगितलं. तिथल्या मॅडमनी एक प्रश्न न विचारता गाडी काढली.

शेत सापडायला तासभर गेला. निळा पत्रा लांबूनच दिसला. तो दाराबाहेर बाजेवर बसून मोबाईल बघत होता, जणू घरचा जावई! आत अर्चना. हात बांधलेले, तोंडात ओढणी कोंबून वरून पट्टी. जिवंत होती. मी पट्टी काढली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

बाकीचं सांगण्यासारखं नाही. केस चालू आहे. त्याच्या बाजूचे लोक अजून म्हणतात, पोरगा वाईट नव्हता, जीव लावला होता त्याने. त्यांचं तोंड मी धरू शकत नाही. मॅडम मात्र अधूनमधून विचारतात, “तो फोन नक्की कुठल्या नंबरवरून आला होता? रेकॉर्डला दिसत नाही.” मी म्हणते, आठवत नाही.

विज्ञानाने विचार करून पाहिला. कुणाची खिडकीतून आलेली हाक असेल, भास असेल. पण मग अक्कांनाही तोच भास? आणि हेमंत शेजारी बसून कोरडा? काही जुळत नाही.

शेवटी महिन्याभराने धीर करून मी अर्चनालाच विचारलं. अंगणात दोघीच होतो. म्हटलं, त्या खोलीत तू मनातल्या मनात मला हाक मारलीस का? पाणी मागितलंस का?

तिने आधी नीट आठवून पाहिलं. मग म्हणाली, “नाही. पानी नको होतं मले, मले श्वास येत नव्हता. आईले हाका मारत होते मी.”

“आणि मला?”

“तुले काह्याले हाक मारू?” ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. “तुले त मी आधीच सांगेल होतं ना.”

मग तो आवाज कुणी दिला, मला माहीत नाही. तिने दिला नव्हता, एवढंच मला माहीत आहे.