खोडलेलं कलम

आमच्या घरात वकिली आणि पुढे आलेला जबडा, दोन्ही वडिलोपार्जित. माझा जबडा दाढीखाली खपून गेला. मुलीचा कसा खपणार? तिचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नसत. पोळी असो की पेरू, ती बाजूच्या दातांनी कुरतडायची, आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवायची. हे शेवटचं तिने मला तेविसाव्या वर्षी सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ. फिर्याद कुणावर लावणार?

जबड्याच्या सर्जन बाईंनी पडद्यावर तीन वाटा दाखवल्या. नुसत्या तारा लावल्या तर दात सरकतील, पण हाडं तिथंच राहतील आणि दात पुन्हा मागे फिरू शकतील. वरचा जबडा कापून बसवला तर फट मिटेल, खालचा मात्र बराचसा पुढेच राहील. दोन्ही जबडे केले तर घास नीट तुटेल. पण खालच्या हाडातून एक नस जाते. ती दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होते. बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते, काहींची कायमची राहते. मी अर्थातच तारांच्या बाजूने तासभर युक्तिवाद केला. मुलीने दोन्ही जबडे निवडले.

शस्त्रक्रियेआधी दात ओळीत आणणाऱ्या तारा वर्षभर लावून झाल्या आणि संमतीपत्र हातात आलं. बरकतपुऱ्याच्या घरी मी ते रीतसर वाचायला बसलो. सातव्या कलमात लिहिलं होतं की ओठाची किंवा हनुवटीची संवेदना कायमची जाऊ शकते. चाळीस वर्षांच्या सवयीने मी ते कलम खोडलं, बाजूला आद्याक्षरं टाकली आणि अशिलाला वाचवल्याच्या ऐटीत कागद परत नेला.

बाईंनी तो पाहिला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"वकील साब, काग़ज़ पे तो काट दिए। हड्डी में की नस कू कौन नोटिस भेजता?"

मग त्यांनी खणातून एक जबडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. स्कॅनवरून छापलेला, पारदर्शक प्लास्टिकचा, माझ्या मुलीचा. तिचा एक वाकडा सुळासुद्धा जसाच्या तसा. आत दोन्ही बाजूंना लोकरीच्या धाग्याएवढी लाल रेघ गेली होती; तीच ती नस. त्या रेघेला लागून बाई हाड उभं चिरणार, सरकवणार आणि बारीक स्क्रूंनी बसवणार होत्या. तेही तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर ओरखडा न काढता.

"बचाके काटती मैं," त्या म्हणाल्या, "मगर वादा नक्को माँगो।"

जन्मभर मी साक्षीदारांना कोंडीत पकडलं. स्वतःच्या मर्यादेबद्दल इतकं सरळ बोलणारं माणूस मला पिंजऱ्यात कधी भेटलं नाही. मला भीती वाटली, आणि त्या भीतीहून मोठा आदर वाटला.

मुलीने कोरं संमतीपत्र मागून घेतलं, सगळी कलमं मोठ्याने वाचली आणि सही केली.

"बाबा, लाइट घ्या हो, एवढं मनावर नका घेऊ," ती म्हणाली. "ओठ माझा आहे."

शस्त्रक्रिया पार पडली. कितीतरी आठवडे ती पातळ खिमटावर राहिली. सूज उतरली, ओठ जागा झाला.

दहा महिन्यांनी आम्ही सुलतान बाजारात कापड घ्यायला गेलो होतो. तिने गाडीवरचा भाजलेला भुट्टा घेतला, वर लिंबू आणि भरपूर तिखट. आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून, तिने पुढच्या दातांनी दाण्यांची अख्खी ओळ उपटली. मागे ऑटोवाले भोंगे वाजवत होते आणि मी खुळ्यासारखा बघत उभा होतो. इतका साधा घास. त्याचं मला इतकं अप्रूप वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

तेवढ्यात तिखटाचा लाल ओघळ तिच्या हनुवटीवर डावीकडे उतरला. तिला कळलं नाही. मी खिशातून रुमाल काढला, पण हात पुढे होईना.

माझा चेहरा बघून ती ओळखून चुकली.

"डावीकडे ना? तिथलं अजून काही कळत नाही," ती म्हणाली, आणि चावणं न थांबवता तिने हनुवटी माझ्यापुढे केली. "तुम्ही पुसा, बाबा. मी खाते."