मल्लम्माच्या लेकीचा सोमवार

मल्लम्माला स्वस्थ बसलेलं पाहायचं असेल तर आमच्या लग्नाचा फोटो बघा, असं तिचा नवरा शिवपुत्र पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. त्या फोटोत ती बसलेली आहे खरी, पण तिथंही हात पदराशी चाळा करतोच आहे. एरवी शेणपाणी, धारा, भाकऱ्या, शेत आणि पुन्हा भाकऱ्या. ताप आला तर तो ती उभ्याउभ्याच अंगावर काढणार. "बसलं की अंग धरतंय," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि समोर कुणी बसलेलं दिसलं की ते हटकून ऐकवलं जायचं. गावात तिच्या ओट्यावर टेकायला भलेभले कचरत.

गाव उमरग्याच्या हमरस्त्यापासून थोडं आत. रात्रंदिवस हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची घरघर घरात ऐकू येते, पण फाट्यावर सहसा कुणी थांबत नाही. घरात माणसं तीनच. मल्लम्मा, शिवपुत्र आणि त्यांची एकुलती लेक महेश्वरी. महेश्वरी उमरग्याच्या कॉलेजात बारावीला, आणि शंभर मीटर पळण्यात जिल्ह्यात पहिली. हे पळणं पोरीत कुठून आलं याचा गावानं लावलेला शोध असा, की अशा आईच्या हाताखाली कामं उरकायची तर माणसाला पळावंच लागणार.

गंमत गावानं करावी. मल्लम्माच्या दृष्टीनं हा खेळ नव्हता. कॉलेजचे खेळाचे शिक्षक दिग्विजय सर, मूळचे बेंबळीचे, त्यांनी एकदा घरी येऊन नीट सांगितलं होतं. विभागाच्या स्पर्धेत पहिल्या दोघींत आली तर पोरगी राज्याला जाईल, आणि राज्याला गेलेल्या मुलींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाच्या चाचणीला बोलावणं येतं. तिथं राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं. बारावीचं वर्ष म्हणजे शालेय स्पर्धांचं शेवटचं. आणि दुसऱ्या बाजूला शिवपुत्राची थोरली बहीण लक्ष्मम्मा आळंदकडचं एक स्थळ घेऊन बसलेली. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. शिवपुत्र तसा मवाळ माणूस, पण बहिणीपुढं त्याचं काही चालत नसे. त्यानं मधला मार्ग काढला होता. "औंदा राज्याला गेली तर गेली. न्हाय तर दिवाळी झाली की पावण्यांना बोलवायचं." मल्लम्मा स्वतः सातवीत पहिली आली होती आणि आठवीचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. लेकीनं पुण्याला जावं असं तिला इतकं वाटायचं, की ते तोंडानं बोलायची भीती वाटायची.

आणि नेमकं त्याच वर्षी महेश्वरीचं पळणं मंदावलं. श्रावणापासून सरांच्या घड्याळात आकडा वाढत चालला. मांडीच्या मागची शीर ओढल्यासारखी दुखायची. जेवण जाईना, चिडचिड वाढली, पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. मल्लम्मानं यावर तिला ठाऊक असलेला एकच उपाय केला. मेहनत कमी पडतेय, तर वाढवायची. ती लेकीला पहाटे आणखी लवकर उठवू लागली. आधी गोठा, मग फाट्यापर्यंत पळत जाणं आणि येणं, मग कॉलेज, सरांचा सराव, आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत पुन्हा गावच्या रस्त्यावर. महेश्वरीही आईचीच लेक. दुखतंय म्हणून सांगणं तिला कमीपणाचं वाटे. सर आठवड्यातून एक दिवस सुट्टी देत, तर ती सुट्टीही पोरगी चोरून पळण्यात घालवी. सरांना पत्ता नव्हता आणि आईला कौतुक होतं.

यात भर घातली मामानं. मल्लम्माचा भाऊ गौरीशंकर, हमरस्त्यावर त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. तो कुठूनसा ताकदीच्या पावडरीचा भलामोठा डबा घेऊन आला. डब्यावर एका दंडाचं चित्र, बाकी सगळी इंग्रजी. "रोज दुधातनं एक चमचा. म्हैना-दोन म्हैने जाईल," त्यानं बजावलं. पण त्या घरात एकट्यानं खायची रीत नाही. पोरीनं ताकदीचं दूध प्यायचं आणि बापानं समोर बसून बिनताकदीचं, हे मल्लम्माच्या हातून होणं शक्यच नव्हतं. शिवपुत्राला पेला मिळाला. लक्ष्मम्माअक्का आल्या, त्यांना चहाऐवजी तेच. शेजारची बाळंतीण तर हक्काचीच. मठातले स्वामी आले, त्यांना दोन चमचे. पंधरवड्यात डबा तळाला गेला, आणि ताकद म्हणावी तर एकट्या लक्ष्मम्माअक्कांच्या आवाजात जाणवली.

एक दिवस महेश्वरी कॉलेजच्या मैदानावर अर्ध्यातच मांडी धरून खाली बसली. सरांनी तिला मोटरसायकलवर बसवून घरी आणलं. तिला ओट्यावर टेकवून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, आणि चोरून पळणं, पहाटेचं उठणं, सगळं बाहेर आलं. मग पावडरीची गोष्ट निघाली.

"डबा बघू काकू."

मल्लम्मानं डबा आणला. त्यात आता मीठ होतं. सरांनी तो फिरवून फिरवून वाचला.

"बनवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. असल्यात काय मिसळलेलं असतं ते देवाला माहीत. उद्या राज्याला लघवी तपासली आणि त्यात भलतंच काही सापडलं, तर पोरीवर बंदी येते. किती घेतली हिनं?"

"तिनं कुठली घेतली," शिवपुत्र म्हणाला. "निम्मी म्या पिलो."

सर हसले, पण मांडी दाबून पाहताना त्यांचं हसू गेलं. ते म्हणाले, "शीर तुटली नाही, नशीब. पण आता धावणं बंद. मी सांगेन तेव्हा हळूहळू सुरू करायचं. एक दिवस पूर्ण सुट्टी म्हणजे सुट्टी. रात्री लवकर निजायचं, पहाटे उठवायचं नाही. आणि दुपारी जमेल तेव्हा झोप."

"दिवसा झोप?" मल्लम्माला सर चेष्टा करतात असंच वाटलं. "सर, आमच्यात दिवसा आजारी माणूस झोपतंय, न्हाय तर बाळंतीण."

"काकू, पळताना ताकद येत नसते. पळताना स्नायू झिजतात. ते भरून येतात झोपेत. भरून यायला वेळच दिला नाही तर ती पळते ते सगळं वाया."

"आमी जन्मात झोपलो न्हाय. आमचं काय वाया गेलं?"

सरांनी मान फिरवली, तर समोर गोठ्यात बैलजोडी रवंथ करत बसलेली. बाहेर सोयाबीनची काढणी, गावभर धांदल. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आज बैल बांधूनच?"

"सोमवार हाय की," शिवपुत्र म्हणाला. "बसवण्णाचा, नंदीचा वार. सोमवारी आमी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाय. आमच्या आज्यापासनं न्हाय."

"काम कितीही असलं तरी?"

"किती का असंना. अवो, खांदा सुजलेला असतोय, त्यो उतराया नको? सातीच्या साती दिवस जुपलं तर बैल मधीच बसतोय. मग मारा न्हाय तर वडा, उठत न्हाय त्यो."

तो सहज बोलून गेला आणि बैलांपुढं कडबा टाकायला उठला. मल्लम्मा मात्र डबा हातात धरून तशीच उभी राहिली. ओट्यावर लेक मांडीवर हात ठेवून बसली होती. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, गालांची हाडं वर आली होती, आणि हे तिनं रोज पाहूनही पाहिलं नव्हतं. आज सोमवार, आणि आजही पहाटे तिनंच तिला हलवून उठवलं होतं. मल्लम्माला स्वतःची इतकी लाज वाटली, की सरांना चहा विचारायचंही ती विसरली.

त्या दिवसापासून सोमवार महेश्वरीचा झाला. बाकीचे दिवस सर सांगतील तसे. लवकर निजणं आलं. पहाटेचं शेणपाणी मल्लम्मानं एकटीनं ओढलं, आणि शिवपुत्र आपणहून धारा काढायला बसू लागला. खाण्याचं सरांनी सोपं सांगितलं होतं. डाळ, मोड आलेली मटकी, दूध, दही, शेंगदाणे, भाकरी, डबा नको. पण एकटीला वाढायची सोय नसल्यामुळं मटकी अख्ख्या घराला लागू झाली, आणि मटकीचा वास आला की शिवपुत्राला शेतात काम आठवू लागलं.

खरी लढाई झोपेची होती. पहिल्या सोमवारी कॉलेजातून आल्यावर महेश्वरी नुसती कुशी बदलत राहिली. "अव्वा, मला कायतरी चोरल्यागत वाटतंय," ती म्हणाली. मल्लम्मालाही तसंच वाटत होतं, पण तिनं दार लोटून घेतलं आणि बाहेर शेंगा फोडत बसली. पोरीचा डोळा लागतो न लागतो तोच लक्ष्मम्माअक्का आल्या.

"मयेश्वरी कुठाय?"

"निजलीय."

"दिवसा? तरणीताठी पोर दिवसा लोळायलीय? उद्या सासरी काय सांगायचं, मल्लम्मा?"

मल्लम्मानं मान वर केली नाही. "अक्का, सोमवार हाय."

"मग?"

"तुमच्याच घरची रीत हाय. मोडू का?"

बसवण्णाशी वाद घालणं लक्ष्मम्माअक्कांनाही झेपणारं नव्हतं. त्या शेंगा फोडू लागल्या, आणि आत पोरगी गाढ झोपली. हळूहळू मांडी मोकळी झाली, जेवण जाऊ लागलं. सरांनी पुन्हा पळवायला सुरुवात केली तेव्हा घड्याळातला आकडा पुन्हा खाली येऊ लागला.

विभागाची स्पर्धा धाराशिवला होती. मल्लम्मा सोबत गेली. सकाळच्या फेरीतून महेश्वरी पुढं गेली, पण कशीबशी. अंतिम शर्यत दुपारी. मधल्या वेळात बाकीच्या मुली मैदानभर फिरत होत्या, रंगीत पाणी पीत होत्या, फोटो काढत होत्या. महेश्वरीनं दहीभात खाल्ला, आणि मल्लम्मानं कडुनिंबाखाली चादर अंथरली. पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

जवळून कुठल्याशा जिल्ह्याचे एक शिक्षक चालले होते. ते थबकले. "बाई, शर्यत आहे ना हिची? उठवा. अंग जड होईल, पाय उचलणार नाहीत."

दिग्विजय सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुलांच्या शर्यतीत अडकलेले, फोन उचलेनात. हा शिकलेला माणूस सांगतोय ते खरं असेल तर? वर्ष हातचं जाईल, पुणं जाईल, दिवाळीनंतर पाहुणे येतील. तिचा हात लेकीच्या खांद्यावर गेला. आयुष्यभर तो हात उठवायलाच तर शिकला होता. मग तिनं पोरीचा चेहरा पाहिला. कपाळावर एक आठी नव्हती. तिनं खांद्यावरचा हात केसांवर नेला, आणि त्या शिक्षकांना म्हणाली, "झोपू द्या तिला. म्या हाय जागी."

सरांनी बजावलेली वेळ झाली तेव्हाच तिनं लेकीला उठवलं. महेश्वरीनं तोंड धुतलं, अंग तापवून घेतलं आणि गेली. शर्यत मल्लम्माला धड दिसलीच नाही. गर्दीच्या पाठी, धूळ, ओरडा, आणि सगळं संपलंसुद्धा. तिनं गर्दीतून वाट काढली. महेश्वरी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

"अव्वा, दुसरी आले!"

"मांडी दुखतीय का?"

"अव्वा, दुसरी! राज्याला!"

"ऐकलं की. मांडी दुखतीय का, सांग."

"न्हाय दुखत."

तेव्हा कुठं मल्लम्मा रडली, तीही उभ्यानंच.

दिग्विजय सर पळत आले. आनंदानं त्यांचं भानच सुटलं होतं. "काकू, राज्यस्पर्धा जवळ आलीय, आता एक दिवस घालवायचा नाही! उद्या सकाळी सहाला मैदानावर पाठवा हिला!"

"उद्या येणार न्हाय ती," मल्लम्मा डोळे पुसत म्हणाली. "झोपंल पोटभर. परवा बघू."

सर ओशाळून हसले. "बरं काकू. परवा."

तेवढ्यात शिवपुत्राचा फोन आला. त्यानं बातमी दोनदा वदवून घेतली. मग हळू आवाजात म्हणाला, "अक्का हितंच बसलीय. पावण्यांना काय कळवू, इचारतीय."

मल्लम्मानं लेकीकडं पाहिलं. ती गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती, आणि सर तिला राज्यस्पर्धेचं काहीबाही सांगत होते.

"त्यांना म्हणावं, दुसरी पोरगी बघा," मल्लम्मा म्हणाली. "आमची पुण्याला जायाची हाय."