आत्या कामठीची

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला स्तनाचा, गर्भाशयाचा, अंडाशयाचा कॅन्सर?" मी बिनधास्त "नाही" म्हणून मोकळी झाले. पोट सारखं फुगल्यासारखं वाटायचं म्हणून गेले होते. सोनोग्राफी चांगली आली होती, वय अठ्ठावीस, विषय संपला. बाहेर येऊन चपला घालताना आत्या आठवली, तशी परत आत गेले.

"आत्याला झाला होता, अंडाशयाचा. ऑपरेशन झालं. पण ती कामठीची आहे."

"कामठीची म्हणजे?"

म्हणजे लग्न होऊन कामठीला गेलेली. आमच्याकडे मुलगी एकदा सासरी गेली की तिचं सगळं तिकडचं. तिचं सुतकसुद्धा आम्हाला तीनच दिवस. मग तिचा कॅन्सर आमच्या घरचा कसा? मी, एम.एस्सी. झालेली बाई, हे डॉक्टरांना समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वडिलांची सख्खी बहीण ना? मग रक्त तेच. त्यांची जनुकांची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट आणा. तो पाहून तुमची करू."

घरी आई कणीक मळत होती. "आत्याचं काहून काढून राहिली तू आता? रविवारी तुले पाहायले पाहुणे येऊन राहिले."

बाबांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "तो त्यांच्या घरचा आजार आहे."

"आणि आजी? तुमची आई तर याच घरची ना?"

"तिच्या पोटात पानी झालं होतं."

पानी! जसं काही आजी घागरभर पाणी पिऊनच गेली. माझं डोकंच फिरलं. आई म्हणाली, "हळू बोल वं, खिडकी उघडी आहे."

दुसऱ्या दिवशी शेअर ऑटोनं कामठी गाठली. आत्यानं आधी पोटभर खाऊ घातलं. त्याशिवाय ती कुणाशी कामाचं बोलत नाही. मग कपाटातल्या साड्यांखालून फाइल काढली. तपासणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. दोष सापडला होता. रक्ताच्या नातेवाइकांनी तपासून घ्यावं, असं खाली स्पष्ट लिहिलेलं.

"मले सांगितलं काहून नाही, आत्या?"

"तुह्या बापाले सांगितलं ना बाई, त्याच हप्त्यात. तो म्हने, पोरीचं लग्न होऊन जाऊ दे, मंग पाहू. मीबी चूप बसली. चुकलंच माह्यं."

दोन वर्षं! परतताना ऑटोत मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होते. राग जरा ओसरला की भीती वाटायची, म्हणून तो धरून ठेवला.

घरी येऊन फाइल बाबांच्या पुढ्यात आपटली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, की या घरात यापुढे कुणीही खोटं बोलायचं नाही. आई मधे पडायला आली, तिलाही गप्प केलं.

बाबांनी टीव्ही बंद केला. फाइल उघडली नाही. तिच्यात काय आहे ते त्यांना ठाऊकच होतं. गुडघे चोळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्यात निघालं, तं माह्यातूनच आलं असंल ना?"

मला "नाही" असं म्हणायचं होतं. एवढा आडदांड माणूस, पण आवाज पार बसला होता. पण पाच मिनिटांपूर्वी नियम मीच केला होता.

"हो बाबा," मी म्हटलं.