त्या दिवशीची ओहोटी

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत मी गावदेवीपुढे हात जोडत असे, पण तिच्याशी मनातलं बोलणं मी टाकलं होतं. फार थकले होते मी. माझ्या लेकीला, शेवंतीला, कोळंबी चालत नसे. पोटात गेली की अंगभर पित्त उठे, ओठ सुजत, श्वास अडके. आमचं सासर वरसाव्याचं, खाडीच्या काठचं. तिथे कोळंबी-सुकटीशिवाय चूल पेटत नाही. कुठलंही बोलावणं आलं की मी आधी जाऊन सांगायचं, वाढताना कोळंबीची पळी तिच्या पानाला लागत नाही ना ते बघायचं, पोरीच्या पानाशी राखणीला बसायचं आणि मागाहून गार भात गिळायचा. वर ऐकायचं, "खाडीवरची पोर नि कोलंबी चालत न्हाय? नखरं हायेत." कुणी म्हणे, देवीचा कोप आहे. कधीकधी मलाही ते पटे, आणि मग देवीचाच राग येई.

जत्रेला आमच्या घरून देवीला कोळंबीच्या कालवणाचा नैवेद्य जाई. त्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी त्यातलंच थोडं भातात कालवून शेवंतीला भरवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. देवीपुढून आलेलं अन्न बाधत नाही, उलट त्यानंच पोरीची पीडा सुटेल, अशी त्यांची श्रद्धा. मी हातपाय धुऊन येते तो पोरीचे डोळे सुजून मिटलेले आणि घशातून घरघर. जाऊबाई तिला पोटाशी धरून म्हणत होत्या, "आयचा परसाद हाय गो, त्यानं कसा वायट होल?"

यजमानांनी तिला खांद्यावर टाकलं आणि आम्ही बंदराकडे धावलो, कारण डॉक्टर खाडीपलीकडे. पाहतो तर ओहोटी लागलेली आणि होडी चिखलात रुतलेली. होडीवाला म्हणाला, पाणी चढल्याशिवाय काही होणार नाही. मी तिथेच चिखलात बसले. कित्येक महिन्यांनी देवीशी बोलले ते एवढंच, की माझ्याच्यानं आता होत नाही, तुझी पोर तू बघ. याला शरण जाणं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी हरले.

धक्क्यावर एक गृहस्थ छत्री उघडून ओहोटीला बोल लावत बसले होते. पोरीची घरघर ऐकून ते उठून आले. ते डॉक्टर निघाले. आमच्या बाजूच्या कुणा दम्याच्या रोग्याला बघून घरी परत चालले होते आणि आमच्यासारखेच अडकले होते. त्या रोग्यासाठी आणलेल्या, श्वास मोकळा करणाऱ्या इंजेक्शनची एक कुपी पेटीत उरली होती. ती त्यांनी शेवंतीला टोचली. हळूहळू घरघर निवळली, पोरीनं पाणी मागितलं. त्रास पुन्हा उलटतो म्हणून ते तिच्याजवळून हलले नाहीत. मागून धावत आलेल्या जाऊबाईंवर ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हा कोप नाही आणि नखराही नाही. हिच्या शरीराला कोळंबी विषासारखी लागते. चिमूटभर नको, कालवणाची पळीसुद्धा हिच्या पानाला नको. आणि हे सगळ्या गावाला माहीत असू द्या. एकटी आई कुठंकुठं पुरी पडणार?"

ते ऐकून मला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. पाणी चढलं, होडी सुटली, ते गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

देवीनं चमत्कार केला असं मी कुणाला सांगत नाही. ओहोटी रोजच लागते. पण पाणी असतं तर डॉक्टर केव्हाच पलीकडे गेले असते, एवढं मला कळतं.

पुढच्या जत्रेला जाऊबाईंनी कोळंबी सोलायला घेण्याआधी वेगळ्या टोपात गूळ-खोबऱ्याचा भात रांधला आणि देवीपुढे आधी तो ठेवला. मग पंगतीत उभ्या राहून म्हणाल्या, "कोनाला काय बाधतं त्ये आधी सांगा, लाजू नका." एक म्हातारे हळूच म्हणाले, त्यांना वांगं बाधतं, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सवयीनं शेवंतीच्या पानाकडे निघाले, तर जाऊबाईंनी मला खांदा दाबून खाली बसवलं. "तू जेव गो. मी हाय तिच्यापाशी."

मी देवीकडे एकदा पाहिलं आणि पानावर हात ठेवला. भात गरम होता.