मिरजगावच्या हॉटेलातलं टेबल

परवा फोनवर तुम्ही तक्रार केलीत, की कामाच्या गावी हॉटेलचं जेवण अगदीच पाणचट निघालं. तुमच्या या आजीलाही, म्हणजे मला, एकदा असं जेवण मिळालं होतं. फक्त ते मिळवायला मला बरीच खटपट करावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. मुलींच्या शाळा तपासायच्या नोकरीत मी नुकतीच लागले होते. कचेरीतले पुरुष फिरतीवरून आले, की मिरजगावच्या एका हॉटेलातल्या लाल रश्श्याचं वर्णन करत. मी तोवर कुठल्याच हॉटेलात बसले नव्हते. आमच्याकडे बायका बसतच नसत. पण आता फिरती माझी होती आणि पगारही माझा. मी मनाशी पक्कं केलं, टेबलाशी बसायचं, रस्सा-पुरी मागवायची आणि कुणीतरी वाढेपर्यंत हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहायचं.

पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवासी मोटार धापा टाकत मिरजगावला पोचली, तेव्हा दिवस मावळत होता. मी हॉटेलात शिरले आणि बाकांवरच्या सगळ्या पुरुषांचे घास हातातच राहिले. मालक गल्ल्यावरून उठून धावत आला.

"बाईसाहेब, तुमी हितं कुटं? चला, मागं घरात चला."

"मला इथंच जेवायचंय."

"छ्या! चार मान्सांत तुमाला बसवलं तर गाव मला काय म्हनंल? घरात ताजी भाकर हाय."

भाकरी! ती तर मी सकाळीच स्वतः थापून, खाऊन निघाले होते. पण त्याने माझी पिशवी उचललीसुद्धा.

मागे चुलीपाशी त्याची बायको पुऱ्या लाटत होती, शेजारी रश्श्याचं मोठं पातेलं. तिने पाट मांडून मेथी-भाकरी वाढली आणि माझा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं? भाजी कडू लागली का?"

मी खरं ते सांगून टाकलं. ती पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"अवो बाई, ह्यो रस्सा रोज मीच करते. पन त्या टेबलावर मी बी कदी बसले न्हाई!"

"मग चला की."

तिने हात धुतले, गिऱ्हाइकं गेल्याचं डोकावून पाहिलं आणि सरळ जाऊन बाकावर बसली. मी समोर.

"अगं, ह्ये काय?" मालक म्हणाला.

"दोन रस्सा-पुरी. आन् आदी टेबल पुसा, लई घान हाय."

"आता बिल बी मागशील?"

"ते मागनं तुमचं काम. पुसा."

त्याने पुसलं. वाढलंही. रश्श्यात बटाटा शोधावा लागत होता आणि पुऱ्या चामड्यासारख्या वातड. आतली मेथी शंभरपट बरी होती. पण मी मांडीवर हात ठेवून ऐटीत बसले होते.

तिने एक घास घेतला आणि गल्ल्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अवं, रश्श्यात मीठ न्हाई!"

"तूच केलायस की!"

"व्हय. पन आत्ता मी गिऱ्हाईक हाय. मीठ आना."