अकरा देश खेळलेला माणूस

विमान हीथ्रोला सकाळी उतरले. जावई श्रीरंग न्यायला आला होता. प्रकृतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून त्याने मूळ विषय काढला.

"बाबा, शनिवारी मॅचला यायचं. उत्तरेला. ड्राइव्ह तीन तासांचा आहे."

"येतो, श्रीरंगराव," मी म्हणालो.

मी नागपुरात एकतीस वर्षे व्यायामशिक्षक होतो आणि त्याहून अधिक काळ बास्केटबॉलचा पंच. त्या सामन्यासाठीच लंडनला आलो, असे लिहिणार नाही. मुलगी मेधा हे वाचणार आहे.

मेधाचे घर पिनरला, हॅरोच्या पलीकडे. विटांची जुळी घरे, प्रत्येकापुढे हातभर बाग, आणि गल्लीत भर दुपारी अशी शांतता की स्वतःच्या चपलांचा आवाज खटकावा. श्रीरंग वॉटफर्डच्या एका लहान बास्केटबॉल क्लबासाठी सामन्यांचे गुणपत्रक लिहितो. तिकडे असे क्लब हौशी माणसांच्या श्रमावर चालतात. पगार मिळतो तो दोन-तीन 'इम्पोर्टां'ना (करारावर आणलेल्या परदेशी खेळाडूंना). त्यांपैकी एक टेरेल. गाव अमेरिकेतील ओहायो राज्यात, वय सदतीस, उंची सहा फूट आठ इंच.

त्याला प्रथम पाहिले मंगळवारी. नात इरा मला मेट्रोपोलिटन लाइनच्या गाडीने वॉटफर्डला घेऊन गेली. ती चौदा वर्षांची, जन्म इथलाच. हॉलच्या जमिनीवर पाच खेळांच्या पाच रंगांच्या रेषा होत्या. कोणती आपली हे शोधण्यात पहिली पाच मिनिटे गेली. सराव नेटका चालला होता, मात्र टेरेल एकदाही उडी मारीना. मुले उड्या मारीत, हा जागेवर उभा राहून हात वर करी. मला राग आला. आमच्या मैदानावर मी त्याला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

सहाच्या ठोक्याला बॅडमिंटनवाल्या दोन गुजराती बायका स्वेटर घालून, रॅकेट घेऊन आत आल्या. "टाइम झाला, बेटा," त्यांतली एक या ताडमाडाला म्हणाली. तो निमूटपणे चेंडू गोळा करू लागला. अकरा देशांत व्यावसायिक म्हणून खेळलेला हा मनुष्य. मी जवळ जाऊन इंग्रजीत विचारले, "आपण उडी का मारीत नाही?"

त्याने मला वरून खाली न्याहाळले. "सर, या गुडघ्यांत मोजक्याच शिल्लक आहेत. मंगळवारी खर्च करीत नाही."

उत्तर पटले. राग गेला.

शनिवारी सकाळी संघ मिनीबसने निघाला. तिच्या आसनांत टेरेलचे पाय मावत नाहीत, म्हणून तो नेहमी श्रीरंगच्या गाडीत पुढे बसतो. मागे मी आणि इरा.

"आजोबा, सीटबेल्ट! अँड डोंट लाफ, पण त्याची पाय डॅशबोर्डला लागते," इरा कुजबुजली.

"त्याचे पाय. लागतात."

"व्हॉटेव्हर, आजोबा."

महामार्गाच्या दोन्ही अंगांना मोहरीची पिवळी शेते सुरू झाली होती. टेरेल बोलका निघाला. चौदा वर्षे, अकरा देश. फिनलंडमध्ये सरावाला बर्फातून चालत जावे लागे. सायप्रसमध्ये प्रेक्षक नाणी फेकीत; उरुग्वेत मात्र प्रेक्षक सामन्यानंतर घरी जेवायला नेत. जपानमध्ये पलंग आखूड. प्रत्येक देशात पोहोचताच तो तीन शब्द विचारून घेई: डावीकडे, उजवीकडे, माझा. तेवढ्यावर मोसम निभावतो. इराने त्याला तिन्ही मराठीत शिकवले. 'माझा' तिने बरोबर सांगितला, याची मी नोंद घेतली.

"आज हरलात तर?" मी विचारले.

श्रीरंगने आरशातून माझ्याकडे पाहिले. विचारायला नको होते, हे कळले.

टेरेलने मात्र शांतपणे सांगितले. हा बाद फेरीचा सामना. हरल्यास मोसम संपला. क्लब त्याला सोमवारच्या विमानात बसवून देणार. जिंकल्यास पुढच्या शनिवारी वॉटफर्डच्या हॉलमध्ये आणखी एक सामना. त्याची मुलगी निया नऊ वर्षांची. तिची शाळा आणि त्याचे मोसम नेहमी एकाच वेळी, त्यामुळे तिने वडिलांना खेळताना केवळ फोनच्या पडद्यावर पाहिलेले. या वर्षी तिला नेमकी पुढच्या आठवड्यात सुट्टी. तिचे शुक्रवारचे तिकीट काढून ठेवले होते.

"पुढच्या वर्षी येईल," मी म्हणालो.

"गुडघ्यांना विचारलं, सर. नाही म्हणाले."



वाटेत 'सर्व्हिसेस' (महामार्गावरचा विसावा) लागली. मेधाने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे दिले होते. टेरेलने चार पुऱ्या खाल्ल्या. "हंगेरीत असंच मिळायचं. फक्त ह्यात भांडण आहे," तो डोळे पुसत म्हणाला आणि पाचवी उचलली.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. या ठिकाणी महामार्गावरून पूल जातो आणि दोन्ही तीरांवर हुबेहूब एकसारखी इमारत, एकसारखे वाहनतळ. प्रसाधनगृहातून निघालो तो पूल ओलांडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये श्रीरंगची गाडी शोधीत राहिलो. वीस मिनिटे गेली. अखेर गाड्यांच्या टपांवरून एक डोके सरकत येताना दिसले.

"सर, या गाड्या परत लंडनला जातात. आपण अजून खेळलो नाही."

मी क्षमा मागितली. इराला तेवढ्याने भागेना. "आजोबा, तुमची फोन गाडीतच होती! वी वर सो वरीड!" या वेळी व्याकरण दुरुस्त करण्याचा अधिकार मला नव्हता.

यॉर्कशरमधील ते गाव काळ्या पडलेल्या दगडांचे, चढउतारांचे. हॉल एका शाळेचा. चार-पाचशे माणसे, ढोल, भाजक्या मांसाच्या बॅपचा (मऊ गोल पावाचा) वास. यजमान संघातही एक अमेरिकन होता: याच वर्षी महाविद्यालयातून निघालेला, हरणासारखा चपळ. पूर्वार्धात त्याने टेरेलला सहा वेळा मागे टाकले. माझ्या पुढच्या रांगेतला गृहस्थ ओरडला, "आजोबांना खुर्ची द्या!" इराने माझ्याकडे पाहिले. मी टेरेलकडे पाहत राहिलो.

उत्तरार्धात खेळ पालटला. टेरेल धावत नव्हता. चेंडू जिथे येणार तिथे आधीच उभा असे. शेवटच्या मिनिटात आम्ही अठ्ठ्याहत्तर, ते सत्त्याहत्तर. चेंडू त्यांचा. मी कधी उभा राहिलो ते आठवत नाही.

तरुण अमेरिकन उजवीकडून घुसला आणि चेंडू फेकला. चेंडू टोपलीच्या कड्यावर आदळला, वर उडाला, पुन्हा कड्यावर टेकला आणि आत की बाहेर हे न ठरवता घोळू लागला. घड्याळात दोन सेकंद. तेव्हा टेरेल उडाला. इतकी उंच उडी या मनुष्यात असेल हे मी मंगळवारी मानले नसते. कड्याच्या वर पंजा नेऊन त्याने चेंडू बाजूला टिचकावला.

तरुणाने दोन्ही हात उंचावले आणि खेळायचे थांबला. अमेरिकेत कड्यावरच्या चेंडूला असा हात लावणे नियमबाह्य. चेंडू टोपलीत पडला असे धरून गुण देतात. तो लहानपणापासून तसेच खेळला होता. उर्वरित जगात मात्र चेंडू कड्याला लागला की तो सर्वांचा. एकच अपवाद: वेळ संपल्याचा भोंगा आधी वाजता कामा नये. वाजला नव्हता. मी घड्याळ पाहिले होते.

सारा हॉल ओरडत होता. मीही ओरडलो, तेही मराठीत: "नियमात आहे! चेंडू चालू आहे!"

"आजोबा, सिट डाउन! एव्हरीवन बघतायत!"

मी बसलो नाही. पंच एक तरुण मुलगी होती. अंगावर पाचशे माणसे ओरडत असताना तिने हात आडवे हलवून गुण नाकारले. आमच्या खेळाडूने चेंडू पोटाशी धरला. भोंगा वाजला.

गर्दी ओसरल्यावर मी तिला गाठले. "निर्णय अचूक होता," मी म्हणालो.

"थँक यू, लव्ह," ती म्हणाली. (तिकडे वाणीसुद्धा गिऱ्हाइकाला असेच संबोधतो, असे इराने नंतर समजावले. मी त्या क्षणी दोन पावले मागे सरकलो होतो.)

परतताना उन्हे तिरपी झाली होती. टेरेलने मुलीला फोन लावला आणि तो मागे माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही पंच. तुम्हीच सांगा."

मी तिला नियम इंग्रजीत, क्रमवार समजावला. नियाने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे डॅडनं चीटिंग केली?"

"नाही. तुझ्या देशात केली असती. इथे नाही."

"वियर्ड," ती म्हणाली. "मग मी येतेय ना?"

मी फोन पुढे दिला. ते उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता.

माझे परतीचे तिकीट गुरुवारचे होते. बदला, असे मेधा म्हणाली; श्रीरंगही म्हणाला. नागपुरात मुलांचे उन्हाळी शिबिर शनिवारी सुरू होणार होते आणि मी त्यांना शब्द दिला होता. आलो.

या प्रवासात मी राजवाडा पाहिला नाही, नदीवरचे पूल पाहिले नाहीत. एक मनुष्य चौदा वर्षे परक्या गावांत परक्यांसाठी खेळला आणि ज्या एका प्रेक्षकासाठी खेळायचे तो कधी हॉलमध्ये नव्हता, एवढे पाहिले. पंचाने प्रेक्षकांकडे पाहू नये, असे मी आयुष्यभर शिकवले. ते पंचापुरतेच खरे आहे.

रविवारी दुपारी इराचा फोन आला. "आजोबा, मॅचचं सांगू? स्कोअर—"

"थांब. निया आली होती का?"

"हो! फर्स्ट रो. माझ्या शेजारी. ती इतकी ओरडली ना, तिची आवाज गेली."

मी खुर्ची ओढून बसलो.

"आता स्कोअर सांग."