शेळीची डावी बाजू

बारावीनंतरच्या पहिल्या नीटमध्ये मला इतके कमी मार्क पडले की वडिलांनी ते दोनदा विचारले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि भाजी आणायला गेले. आमच्या घरात आरडाओरड्याची पद्धत नाही. वडील रेल्वेत, डहाणू रोडला तिकीट खिडकीवर. आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. जेवताना ठरलं की मी एक वर्ष ड्रॉप घ्यायचा. क्लासला बाहेरगावी न जाता घरीच बसून मोबाइलवरच्या लेक्चरवर अभ्यास करीन, असं मीच सांगितलं. घरी बसून अभ्यास होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

होत नाही, कारण सगळे मदत करतात. वडिलांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मालिका मात्र बंद केली नाही, त्यामुळे कोण काय बोलत असेल याचा अंदाज ते आईला कुजबुजत सांगायचे आणि मी दाराआड बसून तोच ऐकायची. आई दर तासाला बदामाचं दूध घेऊन दारात उभी राहायची. मी ते संपवेपर्यंत हलायची नाही. समोरच्या घरातल्या गुजराती काकी कपडे वाळत घालताना खिडकीतून विचारायच्या, "केटला मार्क आव्या?" परीक्षा अजून दहा महिने लांब होती.

पण दोष फक्त घरच्यांना देणं बरोबर नाही. माझ्याकडे पाच रंगांची हायलायटर पेनं होती. महत्त्वाचं पिवळं, फार महत्त्वाचं गुलाबी, परीक्षेत येऊन गेलेलं निळं, व्याख्या हिरव्या, आणि न समजलेलं केशरी. दोन महिन्यांत बायोलॉजीचं पुस्तक आतून होळी खेळून आल्यासारखं झालं आणि फिजिक्सचं पुस्तक नुसतं केशरी. रंगवताना मन लावून अभ्यास केल्याचं पुरेपूर समाधान मिळायचं. दर रविवारी मोबाइलवर सराव परीक्षा द्यायची आणि ते समाधान संपायचं. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. एका रविवारी तर मी अर्ध्यातच झोपून गेले आणि त्या पेपरला मला आदल्या आठवड्यापेक्षा जास्त मार्क मिळाले.

तो निकाल पाहून आईने तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. मामा आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. तो पशुधन पर्यवेक्षक आहे, तलासरी तालुक्यातल्या एका गावात सरकारी जनावरांच्या दवाखान्यात. मोठे डॉक्टर तिथे आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मामाच डॉक्टर. तो फार कमी बोलतो. आईचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "दवाखान्यात मागची खोली रिकामी आहे. खिडकीत जांभळाचं झाड आहे. मोबाइलला रेंज नाही. पाठव."

अशी मी रोज सकाळी मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून तलासरीकडे जायला लागले. चारोटीला हायवे लागायच्या आधी मामा चहाला थांबायचा. चहा पिताना तो एकच विचारायचा, "काल काय वाचलंस?" मी सांगायची, "श्वसन." तो म्हणायचा, "हं." आणि आम्ही पुढे निघायचो.

मागच्या खोलीत एक टेबल, लसींचा फ्रीज आणि रजिस्टरांनी भरलेलं लोखंडी कपाट होतं. रेंज नसल्यामुळे लेक्चर घरून डाउनलोड करून न्यावी लागायची. दवाखान्यात परिचर म्हणून एक मावशी होत्या, जवळच्याच पाड्यातल्या. मामा फेरीवर गेला की त्या दवाखाना सांभाळायच्या आणि मी आत पुस्तक रंगवायची. डिसेंबरपर्यंत असंच चाललं. जागा बदलली, पण मार्क होते तिथेच राहिले.

जानेवारीतली एक सकाळ. मामा लसीकरणाला लांबच्या पाड्यावर गेला होता आणि मावशी बँकेत. एक बाई शेळीला अर्धी ओढत, अर्धी उचलत अंगणात आली. शेळीचं पोट ढोलासारखं टम्म झालं होतं, आणि तोंड उघडं टाकून ती धापा टाकत होती.

"डॉक्टर कुठे?" बाईने विचारलं.

"फेरीवर गेलेत. दुपारी येतील."

"दुपारपर्यंत राहील का ही?"

शेळीकडे पाहून मला तसं वाटलं नाही. दवाखान्याच्या लँडलाइनवरून मी मामाला फोन लावला, नशिबाने त्या पाड्यावर मोबाइलला रेंज होती. फोनची वायर खिडकीपर्यंत पोचायची, शेळी मी खिडकीसमोर आणायला लावली.

"कुठली बाजू फुगलीय?" मामाने विचारलं.

"उजवी."

"शेळीची उजवी की तुझी?"

शेळी माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी खिडकीतच पाठ वळवून, शेळी जिकडे बघत होती तिकडे तोंड करून उभी राहिले आणि मग म्हणाले, "डावी. शेळीची डावी."

"डावी भकाळी बघ. शेवटच्या बरगडीच्या मागचा खळगा. तो वर आलाय?"

"खळगा नाहीच आहे. फुगा आहे."

"काय खाल्लं तिने?"

मी बाईला विचारलं. शेजारच्याच्या वाडीत शिरून कोवळ्या वालाचे वेल खाल्ले होते, सकाळपासून, पोटभर.

मामाने शांतपणे सांगितलं आणि आम्ही तसं केलं. शेळीचे पुढचे पाय पायरीवर चढवले. तिच्या तोंडात कडुनिंबाची काडी आडवी धरून शिंगांना दोरीने बांधली, म्हणजे ती चघळत राहील. मी गुडघ्यावर बसून डावी बाजू चोळायला लागले. किती वेळ चोळत होते ते आठवत नाही. हात भरून आले होते. मी तिच्या तोंडाशी वाकून विचारत होते, "जमतंय का गं?" आणि तेव्हाच तिने ढेकर दिली, सरळ माझ्या तोंडावर. सडलेल्या भाजीच्या टोपलीत डोकं घातल्यासारखा वास होता. त्यामागून दुसरी आली, मग तिसरी. ती बाई जमिनीवर बसून हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली.

अर्ध्या तासात मामा पोचला. त्याने शेळी तपासली, औषध पाजलं, आणि हात धुताना मला विचारलं, "एवढा गॅस आला कुठून?"

"पचन नीट झालं नाही म्हणून."

"तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"माझ्या पुस्तकात शेळी नाही."

मामा आत गेला, पुस्तक घेऊन आला आणि उभ्या उभ्या पानं उलटत राहिला. सूक्ष्मजीवांच्या धड्यात एक ओळ गुलाबी होती, तिच्यावर पुन्हा निळा फिरवल्यामुळे जांभळी झाली होती. गुराढोरांच्या पोटात राहणारे, मिथेन वायू तयार करणारे जिवाणू. मी तिकडे न बघता ती ओळ इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली, जिवाणूच्या लांबलचक नावासकट.

"मग मगाशी काय झालं होतं?" मामाने विचारलं.

मी तीच ओळ पुन्हा इंग्रजीत म्हणायला लागले. शेळीवाल्या बाईला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "ताईंना इंग्रजी मात्र चांगलं येतं."

मी पहिल्यांदा घाबरले ती त्या दिवशी. कमी मार्कांनी घाबरले नव्हते. बारावी धरून दीड वर्ष मी शब्द पाठ करत होते आणि ते शब्द समोर चार पायांवर येऊन उभे राहिले तरी मी ओळखले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामाने हायलायटर लसींच्या फ्रीजवर ठेवून दिले आणि एक नियम केला. सकाळी वाचायचं, दुपारी पुस्तक मिटून ते मावशींना मराठीत सांगायचं. मावशींचं शिक्षण सातवीपर्यंत, पण त्यांना न समजता "हो हो" म्हणायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी मूत्रपिंड सांगितलं. रक्त गाळलं जातं, मग गाळलेल्यातलं बरंचसं पुन्हा रक्तात घेतलं जातं.

"परतच घ्यायचं तर गाळलं कशाला?" मावशी म्हणाल्या.

ती दुपार मी तो धडा पुन्हा, पहिल्यांदाच वाचल्यासारखा वाचण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी सांगितलं की शरीर आधी बारीकसारीक सगळंच बाहेर काढतं आणि मग कामाचं तेवढं निवडून आत घेतं.

"दिवाळीला आम्ही घर तसंच साफ करतो," त्या म्हणाल्या. "हे कालच सांगायचं होतं."

फिजिक्स मात्र त्यांनी दोनच दिवस ऐकलं. उतरणीवरून घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित अर्ध्यावर थांबवून म्हणाल्या, "ताई, हे मला नका सांगू. यात कोणी जिवंत नाही." ते शेवटपर्यंत केशरीच राहिलं.

मे महिन्यात परीक्षा झाली. बायोलॉजीत मला इतके मार्क मिळाले की वडिलांनी ते पुन्हा दोनदा विचारले. पण सगळे मिळून एमबीबीएसच्या सरकारी जागेला कमीच पडले. निकालानंतर तिसऱ्या दिवशी मामा आला आणि चहा संपल्यावर म्हणाला, "याच मार्कांवर पशुवैद्यकीयलाही प्रवेश मिळतो."

"जनावरांची डॉक्टर?" आई म्हणाली. "मी तिला तुझ्याकडे अभ्यासाला पाठवली होती. तू तिला तिकडेच वळवलीस."

"मी काही केलं नाही ताई. शेळी आली."

आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. फॉर्म मी त्याआधीच भरून ठेवला होता. हे मी तिला प्रवेश मिळाल्यावर सांगितलं. नंतर ती माझ्याशीही चार दिवस बोलली नाही, दूध मात्र देत होती. काकींनी गॅलरीतून निकाल लावला, "डॉक्टर तो डॉक्टर ज ने." कुणी काही म्हटलं की आई आता काकींचं हेच वाक्य मराठीत सांगते, "डॉक्टर म्हणजे डॉक्टरच ना," आणि ते स्वतःचं असल्यासारखं सांगते.

कॉलेजच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तलासरीच्या दवाखान्यात गेले. मावशी पायरीवर बसल्या होत्या. "काय शिकलात ते सांगा," म्हणाल्या. मी अर्धा तास गाईच्या पोटाचे चार कप्पे सांगितले, चारा कुठून कुठे जातो, पुन्हा तोंडात का येतो. त्यांनी एकदाही मध्ये प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, या वेळी छानच जमलं.

"बरोबर सांगितलंत," त्या उठता उठता म्हणाल्या. "आमच्या घरी आठ गुरं आहेत, ताई. हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे."